प्रभावतीगुप्ता : एका राज्यकर्त्या मातेचें चरित्र व तिचीं नातीं

प्राचीन रोमच्या इतिहासाचा अभ्यास करूं लागलेल्या विद्यार्थ्यास एक गोष्ट लवकरच जाणवते. ती ही कीं, तेथील राजकारण समजावयाचें असेल तर आधीं तेथील घराण्यांचीं नातीं समजलीं पाहिजेत. कोण कोणाचा जांवई, कोण कोणाचा दत्तक पुत्र, कोणाची बहीण कोणत्या घरांत दिलेली, हें ठाऊक नसेल तर सेनापतींचे तह आणि लढाया यांचा अर्थ लागत नाहीं. ज्यूलियस सीझर यानें आपली कन्या ज्यूलिया ही इ. स. पूर्वीं ५९ सालीं पॉम्पी यास दिली. इ. स. पूर्वीं ५४ सालीं ती वारली, आणि पुढें पांच वर्षांच्या आंत सासरे-जांवई एकमेकांविरुद्ध शस्त्र घेऊन उभे राहिले. एका तरुण स्त्रीच्या मृत्यूनें प्रजासत्ताक रोम बुडालें असें कोणी म्हणणार नाहीं; तथापि दोन बलाढ्य पुरुषांस जोडणारा एक धागा तिच्याबरोबर तुटला, हें इतिहासकार मान्य करितात.

अशीं चरित्रें पाहावयाचीं म्हणजे सातासमुद्रांपलीकडेच दृष्टि लावली पाहिजे, अशी समजूत आमच्या विद्यार्थ्यांची होण्याचा संभव आहे. ती दूर करावी हा या लेखाचा हेतु. आपल्या वाडीहून निघून नागपूर ओलांडावें, जबलपूरच्या रस्त्यानें मनसरपर्यंत जावें व तेथें उजवीकडे वळावें, म्हणजे रामटेकची टेकडी समोर येते. तिच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर नगरधन नांवाचें गांव आहे. सकाळीं निघालेला मनुष्य संध्याकाळीं घरीं परत येऊं शकेल एवढेंच हें अंतर. या नगरधनाचें प्राचीन नांव नन्दिवर्धन. सुमारें सोळाशें वर्षांपूर्वीं येथें वाकाटक राजांची राजधानी होती, आणि येथूनच एका विधवा राणीनें आपल्या अल्पवयी पुत्राच्या नांवें निदान तेरा वर्षें राज्य चालविलें. तिचें नांव प्रभावतीगुप्ता. तिच्या चरित्रांत पराक्रमाच्या कथा नाहींत. परंतु राज्य आणि कुटुंब हीं एकमेकांत कशीं गुंतलेलीं असतात, याचा याहून चांगला धडा आपल्या प्रांतांत दुसरा मिळणें कठीण आहे.

सासर

प्रथम तिच्या सासरची ओळख करून घेऊं. वाकाटक घराण्याचा मूळ पुरुष विंध्यशक्ति हा इ. स. च्या तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास उदयास आला. त्याचा पुत्र पहिला प्रवरसेन हा मोठा पराक्रमी निघाला. त्यानें चार अश्वमेध केले, व 'सम्राट' ही पदवी या वंशांत त्यानेंच काय ती धारण केली. त्याच्यामागें राज्याची वांटणी झाली. एक शाखा नन्दिवर्धन येथें नांदली व दुसरी वत्सगुल्म, म्हणजे हल्लींचें वाशीम, येथें नांदली. या दुसऱ्या शाखेची नीट माहिती १९३९ सालीं वाशीम येथें सांपडलेल्या ताम्रपटामुळें झाली. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत ज्या वराहदेव मंत्र्याचा लेख आहे, तो याच वत्सगुल्म शाखेच्या हरिषेण राजाचा प्रधान होता.

नन्दिवर्धनच्या शाखेंत पहिला रुद्रसेन, त्याचा पुत्र पहिला पृथिवीषेण व त्याचा पुत्र दुसरा रुद्रसेन असा क्रम आहे. हा दुसरा रुद्रसेन प्रभावतीचा पति होय. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पहिला रुद्रसेन हा सम्राट प्रवरसेनाचा नातू. त्याचा पिता गौतमीपुत्र हा राज्य मिळण्यापूर्वींच वारला. अशा वेळीं त्या बालकास आजोळचा आधार मिळाला असावा, असें विद्वानांस वाटतें. कारण वाकाटकांच्या ताम्रपटांत या राजाचें वर्णन करतांना, तो भारशिव कुळांतील महाराज भवनाग याच्या मुलीचा मुलगा, असें मुद्दाम सांगितलें आहे. मातामहाचें नांव वंशावळींत घालण्याची ही रीत सार्वत्रिक नव्हती. ज्याचे उपकार विसरतां येत नाहींत, अशाचेंच नांव अशा ठिकाणीं येतें.

माहेर

आतां माहेर पाहूं. प्रभावती ही मगधाच्या गुप्त सम्राटांची लेक. तिचा पिता दुसरा चंद्रगुप्त, पितामह समुद्रगुप्त व प्रपितामह पहिला चंद्रगुप्त. या पहिल्या चंद्रगुप्तानें लिच्छवि कुळांतील कुमारदेवी हिच्याशीं विवाह केला, आणि तेथून गुप्तांच्या भाग्योदयास आरंभ झाला. त्या दोघांच्या आकृति असलेलीं सोन्याचीं नाणीं आजही पाहावयास मिळतात. समुद्रगुप्त हा पुढें एवढा मोठा दिग्विजयी झाला, तरी आपण लिच्छवींचा दौहित्र आहों हें लेखांत सांगण्यांत त्यास भूषणच वाटलें. प्रभावतीची माता कुबेरनागा ही नाग कुळांतील होती. म्हणजे गुप्तांच्या घरीं तीन पिढ्यांत दोन मोठीं लग्नें राजकीय महत्त्वाचीं झालेलीं दिसतात, व तिसरें लग्न प्रभावतीचें.

हा विवाह कां झाला असावा, याचें उत्तर नकाशा पुढें घेतला असतां मिळतें. दुसऱ्या चंद्रगुप्तास माळवा, गुजराथ व काठेवाड येथें राज्य करणाऱ्या पश्चिम क्षत्रपांचा पाडाव करावयाचा होता, व तो त्यानें चौथ्या शतकाच्या अखेरीपासून पांचव्याच्या आरंभापर्यंतच्या काळांत केला. मगधाहून माळव्याकडे जाणाऱ्या सैन्याच्या डाव्या अंगास विदर्भाचें वाकाटक राज्य येई. तें राज्य शत्रुपक्षास मिळालें तर सैन्याच्या मार्गास मोठाच धोका होता. तें मित्र असलें तर एक संपूर्ण बाजू निर्धास्त होई. पाटलीपुत्रच्या राजकन्येस गोदावरी व वर्धा यांच्या प्रदेशांत देण्यामागें हा विचार असावा, असें इतिहासकारांचें अनुमान आहे. राजांच्या कन्यांस त्या काळीं कोणी विचारून लग्नें ठरवीत नसत. परंतु दिल्या घरीं जाऊन त्या केवळ पटावरील सोंगट्या होऊन राहिल्या, असें मानण्याचें कारण नाहीं. प्रभावतीचें पुढील आयुष्य हेंच त्याचें प्रमाण.

पुत्राच्या नांवें राज्य

दुसरा रुद्रसेन फार काळ जगला नाहीं. तो वारला तेव्हां युवराज दिवाकरसेन लहान होता. राजा नाहीं, वारस अल्पवयी, आणि सीमेवर बलाढ्य शेजारी, अशी ही स्थिति. अशा वेळीं राज्यें कशीं मोडतात हें इतिहास वाचणाऱ्यास नव्यानें सांगावयास नको. कोणी भाऊबंद गादीवर हक्क सांगतो. कोणी सेनापति बालराजास आपल्या मुठींत ठेवतो. नन्दिवर्धन येथें असें कांहीं घडल्याचें दिसत नाहीं. राणीनें कारभार आपल्या हातीं घेतला व तो तेरा वर्षें तरी निर्वेध चालविला.

हें आपणांस कसें कळलें? एका ताम्रपटावरून. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत पुण्याच्या एका तांबटाकडे असलेले दोन जुने पत्रे विद्वानांच्या नजरेस आले. काशिनाथ बापूजी पाठक यांनीं ते वाचले, आणि भारताच्या इतिहासांतील एक कोडें सुटलें. या पत्र्यांवर नन्दिवर्धनहून दिलेलें एक दानपत्र कोरलेलें आहे. राज्यकारभाराच्या तेराव्या वर्षीं, कार्तिक शुद्ध द्वादशीस, प्रभावतीगुप्तेनें चनालस्वामी नांवाच्या आचार्यास दंगुण नांवाचें गांव दिलें, असा त्यांत मजकूर आहे. दंगुण म्हणजे वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट, असें वासुदेव विष्णु मिराशी यांचें मत आहे. कार्तिक शुद्ध द्वादशी ही प्रबोधिनी एकादशीच्या दुसरे दिवशींची तिथि; आणि राणी तर स्वतःस भगवान विष्णूची परम भक्त म्हणविते. तेव्हां व्रताचें पारणें करून हें दान दिलें असावें, हें उघड आहे.

दानपत्र म्हणजे केवळ पुण्यकर्म नव्हे. तो राज्याचा हुकूम असे. दान दिलेल्या गांवाच्या चारी सीमा त्यांत सांगत. त्या गांवांत राजाचे शिपाई शिरूं नयेत, गांवकऱ्यांकडून गवत, कातडें, कोळसा घेऊं नये, मिठाच्या व दारूच्या राजहक्काचा उपद्रव त्यांस होऊं नये, जमिनींत सांपडलेला ठेवा दान घेणाऱ्यानेंच घ्यावा, अशा सवलती वाकाटकांच्या दानपत्रांत लिहिलेल्या असतात. या यादीवरून उलट अनुमान असें निघतें कीं, ज्या गांवांस सवलत नव्हती त्यांस हे सर्व भार सोसावे लागत. म्हणजे एका पत्र्यावरून राणीचें नांव कळतें, आणि वाकाटकांच्या राज्यांतील शेतकऱ्याच्या घरचीही थोडीबहुत वार्ता कळते.

वंशावळ काय सांगते

आतां या ताम्रपटाच्या मुख्य वैशिष्ट्याकडे वळूं. आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें विशेष लक्ष द्यावें. कारण जुना लेख वाचतांना जें लिहिलें आहे त्याइतकेंच, जें लिहिलें नाहीं त्याकडेही पाहावें लागतें.

वाकाटक राज्याचा हुकूम म्हटला म्हणजे त्याच्या आरंभीं वाकाटक राजांची वंशावळ यावी, ही अपेक्षा. परंतु पुण्याच्या ताम्रपटांत आरंभीं येतें तें गुप्तांचें घराणें. घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त, मग कुबेरनागा माता, आणि मग प्रभावती. समुद्रगुप्त व त्याचा पुत्र यांस 'महाराजाधिराज' म्हटलें आहे. पति रुद्रसेन मात्र 'महाराज' आहे. सासऱ्याचें, आजेसासऱ्याचें नांवही नाहीं. ती स्वतःस रुद्रसेनाची पट्टराणी व युवराज दिवाकरसेनाची जननी म्हणते. दोन्ही कुळांस भूषणभूत असेंही तिचें वर्णन आहे. परंतु हें विशेषण पिता व माता यांच्या नांवांलगत आलें आहे, तेव्हां हीं दोन कुळें म्हणजे गुप्त व नाग असावींत असें म्हणावयास जागा आहे.

याहून मोठें आश्चर्य तिच्या गोत्राचें. आपल्याकडील रूढीप्रमाणें विवाहानंतर स्त्री पतीच्या गोत्राची होते. वाकाटकांचें गोत्र विष्णुवृद्ध. प्रभावती मात्र आपलें गोत्र 'धारण' असें सांगते, आणि तें तिच्या पित्याचें गोत्र आहे. नांवांतही तिनें 'गुप्ता' हें माहेरचें पद सोडलें नाहीं.

येथें रोमची रीत आठवल्यावांचून राहत नाहीं. रोमच्या कन्येस पित्याच्या कुळावरून नांव मिळे: ज्यूलियस कुळांतील ती ज्यूलिया, कॉर्नेलियस कुळांतील ती कॉर्नेलिया. लग्न झालें तरी हें नांव बदलत नसे. आफ्रिकेंत हॅनिबालवर विजय मिळविणाऱ्या सिपिओची कन्या कॉर्नेलिया हिचें लग्न ग्राकस कुटुंबांत झालें. तिला बारा मुलें झालीं. त्यांपैकीं तीन काय तीं वाढलीं. पति निवर्तल्यावर मिसरच्या टॉलेमी राजानें तिला मागणी घातली असतां तिनें ती नाकारली, व मुलांचें शिक्षण हेंच आपलें कार्य मानिलें. तिचे पुत्र टायबेरियस व गायस हे पुढें गरीब शेतकऱ्यांच्या जमिनींसाठीं झगडले, व अनुक्रमें इ. स. पूर्वीं १३३ व १२१ या सालीं मारले गेले. रोमनांनीं तिचा पुतळा उभारला तो 'ग्राकसांची माता' म्हणून; पण ती शेवटपर्यंत कॉर्नेलियाच राहिली. रोममध्यें जी सर्वसाधारण चाल होती, ती विदर्भाच्या राणीनें रूढीस बाजूस सारून पाळली, एवढाच काय तो भेद.

तिनें असें कां केलें? पितृकुळाचा अभिमान हें एक कारण असूं शकेल. परंतु राजकारणाचें कारणही स्पष्ट आहे. एकट्या विधवेचा हुकूम कोण मानणार? पण हीच विधवा उत्तरेच्या महाराजाधिराजाची मुलगी आहे, हें वाक्य हुकुमाच्या आरंभीं आलें म्हणजे भाऊबंदांनीं व सेनापतींनीं दोनदां विचार करावा. ज्या नात्यानें तिला परक्या देशांत आणिलें, त्याच नात्याची तिनें ढाल केली. या काळांत वाकाटक दरबारांत गुप्तांचें वजन फार होतें, असा तर्क कित्येक इतिहासकार करितात. तो खरा असला तरी राज्य मगधांत विलीन झालें नाहीं, हें विसरतां कामा नये. तिनें तें पुत्रासाठीं राखलें, आणि पुत्राच्या हातीं तें वाकाटकांचें म्हणूनच गेलें.

त्याच काळची रोमन माता

प्रभावतीच्या पाठोपाठ, एकाच पिढीच्या अंतरानें, रोमच्या पश्चिम साम्राज्यांतही असाच प्रसंग उभा राहिला. गाला प्लासिडिया ही सम्राट थिओडोसियस याची कन्या. इ. स. ४१० सालीं गॉथ लोकांनीं रोम शहर लुटलें. त्यांच्या हातीं ती बंदिवान म्हणून सांपडली. ४१४ सालीं त्यांचाच राजा अथौल्फ याच्याशीं तिचा विवाह झाला. पुढील वर्षीं त्याचा खून झाला, व ४१६ सालीं ती स्वकीयांकडे परत आली. ४१७ सालीं सेनापति कॉन्स्टॅन्शियस याच्याशीं तिचें लग्न झालें. तोही ४२१ सालीं, सहसम्राट झाल्यावर थोड्याच महिन्यांत, वारला. ४२५ सालीं तिचा सहा वर्षांचा पुत्र तिसरा व्हॅलेंटिनियन गादीवर बसला, आणि ४३७ पर्यंत त्याच्या नांवें प्लासिडियानें राज्य चालविलें. हीं बारा वर्षें. प्रभावतीचीं निदान तेरा.

दोघीही सम्राटकन्या, दोघीही विधवा, दोघीही बालराजाच्या माता. पण साम्य दिसलें म्हणून भेद विसरूं नये. प्लासिडियास सेनापतींच्या वैरांतून वाट काढावी लागली. फेलिक्स, बोनिफेसियस व एटियस यांच्या झगड्यांत साम्राज्याची शक्ति खर्ची पडली. आफ्रिकेचा सुपीक प्रांत वांडाल लोकांच्या हातीं गेला. तिच्या पुत्रानें ४५४ सालीं एटियस यास स्वहस्तें मारिलें, व पुढील वर्षीं तो स्वतः मारला गेला. प्रभावतीच्या राज्याचें तसें झालें नाहीं. तिच्या पाठीशीं माहेरचें बळ शाबूत होतें, आणि सीमेवर मित्र होता. मातेची योग्यता दोन्ही ठिकाणीं असेल. परिस्थिति एक नव्हती. इतिहासांत यशाचें माप देतांना हा विचार नेहमीं मनांत ठेवावा.

उत्तरायुष्य

तेराव्या वर्षानंतर दिवाकरसेनाचें काय झालें तें ताम्रपट सांगत नाहींत. राजा म्हणून त्याचें नांव कोठेंही येत नाहीं. या मौनांत एका मातेचें दुःख दडलेलें असावें असें आम्हांस वाटतें. पुढें गादीवर दिसतो तो दुसरा प्रवरसेन. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें प्रभावतीचा दुसरा ताम्रपट सांपडला. महानुभावांचें क्षेत्र म्हणून हें गांव सर्वांस परिचित आहे. हा पट प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षांतील आहे. त्यांत ती स्वतःस 'महाराज दामोदरसेन व प्रवरसेन यांची जननी' म्हणते. दामोदरसेन हा प्रवरसेनाचा वडील भाऊ कीं प्रवरसेनाचेंच पूर्वींचें नांव, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. कांहींही असो, पतीच्या व एका पुत्राच्या मागें तीस-पस्तीस वर्षें ती जगली, हें या पटांवरून दिसतें.

पुण्याचा व रिद्धपूरचा असे दोन पट शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे एक सूक्ष्म भेद दिसतो. पहिल्यांतील वर्ष कोणा राजाचें म्हणून सांगितलेलें नाहीं. कारभार तिचाच होता. दुसऱ्यांतील वर्ष पुत्राच्या राज्याचें आहे. म्हणजे पुत्र समर्थ झाल्यावर राज्य तिनें त्याच्या हातीं दिलें, व कालगणना त्याच्या नांवें चालूं दिली. मात्र वंशावळ दुसऱ्या पटांतही गुप्तांचीच आहे, आणि गोत्र धारणच आहे. सत्ता सोडली, ओळख सोडली नाहीं.

हा पट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे. रामगिरि म्हणजे रामटेक. कालिदासाच्या मेघदूतांतील यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो हाच, असें मिराशी यांचें प्रतिपादन आहे. याच टेकडीवर केवल-नरसिंहाचें मंदिर आहे. त्याच्या भिंतींतील एक शिलालेख गेल्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत चुन्याच्या थराखालून उजेडांत आला. लेख बराच झिजला आहे. परंतु प्रभावतीच्या कन्येनें मातेच्या पुण्यार्थ 'प्रभावतीस्वामी' या नांवानें विष्णूची स्थापना केली, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनीं लाविला आहे. आईचें नांव देवास देऊन तें दगडांत कोरणारी ही मुलगी होती, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

पुत्र प्रवरसेन यानें सुमारें तीस वर्षें राज्य केलें. प्रवरपूर नांवाची नवी राजधानी वसविली. महाराष्ट्री प्राकृतांत 'सेतुबंध' हें काव्य रचिलें. बाणभट्टानें त्याच्या कीर्तीचा गौरव केला आहे. माता विष्णुभक्त आणि पुत्र शिवभक्त. तरी एकमेकांच्या उपासनेस कोणी अडथळा केल्याचें दिसत नाहीं.

एका नात्यानें काल ठरला

आतां ज्या कोड्याचा उल्लेख वर केला तें सांगतों. अचलपूरजवळ चमक नांवाच्या गांवीं शेत नांगरतांना दुसऱ्या प्रवरसेनाचा एक ताम्रपट सांपडला होता. त्यांत त्यानें आपली माता प्रभावतीगुप्ता ही 'महाराजाधिराज देवगुप्त' याची कन्या, असें सांगितलें आहे. हा देवगुप्त कोण? १८८८ सालीं गुप्तांचे लेख प्रसिद्ध करितांना फ्लीट यांनीं मगधाच्या उत्तरकालीन घराण्यांतील, सातव्या शतकाच्या अखेरचा, एक देवगुप्त धरिला. त्यामुळें सारे वाकाटक आठव्या शतकांत जाऊन बसले! अक्षरांच्या वळणावरून बूलर यांस ते पांचव्या शतकांतील वाटत होते. पण निर्णायक पुरावा नव्हता. पुण्याचा पट वाचला गेला आणि प्रभावतीचा पिता म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, हें तिच्याच शब्दांत स्पष्ट झालें. त्याचें दुसरें नांव देव असें होतें, हें सांची येथील इ. स. ४१२ च्या लेखांतील 'देवराज' या नांवावरूनही जुळलें. एका क्षणांत एक अख्खें राजघराणें सुमारें तीन शतकें मागें आपल्या खऱ्या जागीं आलें, आणि अजिंठ्याच्या उत्तम लेण्यांचा काल ठरविण्यासही त्याचा आधार मिळाला.

विचार करा, पुत्रानें वंशावळींत मातेचें नांव गाळलें असतें, आणि मातेनें आपल्या पित्याचें नांव गाळलें असतें, तर हा दुवा कोठून मिळता? पुढें मिराशी यांनीं वाकाटकांचे सर्व उपलब्ध लेख एकत्र करून १९६३ सालीं प्रसिद्ध केले. इ. स. २०१५ ते २०१८ या वर्षांत नगरधन येथें उत्खनन झालें, त्यांत मातीची एक लहान अंडाकृति मुद्रा सांपडली. तिच्यावर शंखाचें चिन्ह असून ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्तेचें नांव आहे. ज्या राणीचें नांव पुण्याच्या व रिद्धपूरच्या तांब्यांत वाचलें होतें, तें तिच्या स्वतःच्या राजधानीच्या मातींतही मिळालें.

या चरित्रापासून घेण्याचा बोध

या चरित्रापासून दोन गोष्टी आमच्या वाचकांनीं घ्याव्यात.

पहिली पालकांसाठीं. आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं वंशावळ लिहिलेली असते. ती काढून पाहावी. बहुधा तींत पुरुषांचीं नांवें दहा-दहा पिढ्यांचीं असतील, आणि आज्या, पणज्या, सासरीं गेलेल्या लेकी यांचीं नांवें नसतील. कोणाची आजी कोणत्या गांवची, तिचे वडील कोण, हें सांगणारीं वृद्ध माणसें घरांत आहेत तोंपर्यंत विद्यार्थ्यांनीं तें विचारून लिहून ठेवावें. सोळाशें वर्षांपूर्वींच्या राजघराण्यास जें उपयोगी पडलें, तें साध्या कुटुंबासही निरुपयोगी ठरणार नाहीं.

दुसरी सर्वांसाठीं. चमकचा पट नांगराच्या फाळास लागला. पुण्याचा तांबटाच्या घरांतून आला. तांबें वितळविलें कीं त्याची घागर होते, आणि अक्षरें कायमचीं जातात. असे किती पट भट्टींत गेले असतील याची गणतीच नाहीं. आपल्या जिल्ह्यांत विहीर खणतांना, पाया घालतांना, शेत नांगरतांना कोरीव अक्षरांचा पत्रा, नाणें किंवा दगड सांपडला, तर तो घासूं नये, तोडूं नये, मोडींत विकूं नये. जमिनींत सांपडणाऱ्या गुप्तधनासंबंधींचा १८७८ चा कायदा आहे. त्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीची अशी वस्तु सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें हें कर्तव्यच आहे. पुरातत्त्व खात्याचे लोक किंवा नागपूरचें मध्यवर्ती वस्तुसंग्रहालय यांसही दाखवावी.

प्रभावतीनें दंगुण गांव दिलें, तें कधींच दुसऱ्यांच्या मालकीचें झालें. नन्दिवर्धनचे वाडे मातींत गेले. मगधाचें साम्राज्यही गेलें. आपण कोणाची मुलगी, कोणाची पत्नी आणि कोणाची आई, हें तिनें दोन पत्र्यांवर नीट लिहवून ठेविलें होतें, म्हणून आज तिचें नांव घेतां येतें. पुढील सुटींत रामटेकास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं गड पाहून झाल्यावर नगरधनच्या दिशेसही एकदां पाहावें, एवढीच आमची सूचना आहे.